आबांची घागर

ही घडलेली गोष्ट आहे. हसायचं असेल तर इथेच थांबा. कोकिळाअक्काचा राग अजून गेलेला नाही, आणि ऐकल्यापासून माझाही नाही.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रात्र नव्हती, भर दुपार होती.

जळगावात पारा चव्वेचाळीसवर.

कोकिळा धरणगावला दिलेली. दर आखाजीला माहेरी, अमळनेरला यायची. त्या वर्षी तर यायलाच हवं होतं. तिचे वडील मोतीलालआबा पौषात गेले होते. ही त्यांची पहिली आखाजी.

आमच्या खानदेशात या दिवशी गेलेलं माणूस आपल्या दारी पाणी प्यायला येतं. मुलगा त्याच्या नावाने नवी घागर भरतो, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतो, चुलीत घास टाकतो. तोवर घरात कुणी आंब्याला हात लावत नाही.

आणि तिच्या धाकट्या भावाने, भूषणने काय करावं? घराला कुलूप ठोकलं आणि आई-बहिणीला घेऊन एका धरणातल्या हाउसबोटीवर मुक्कामाला निघाला. धरणाचं नाव सांगणार नाही. रात्री बोटीवर झोपायचं, दिवसा जळगाव बघायचं, असा बेत.

"आणि आबांची घागर?" कोकिळाने विचारलं.

"बोटीवर चूल पेटवू देत नाहीत, अक्का. पुढच्या वर्षी दोन भरू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई, प्रमिलाबाई, एवढंच म्हणाली, "तुना बाप आज घर येई. कुलूप दखी. मंग कोठे जाई?"

भूषण हसला.

सकाळी मेहरूण तलाव पाहिला. गाडीत पाण्याचा मोठा जार होता, कोकिळाने स्वतः भरून घेतलेला. तलावावरून परत आले तर...

जार रिकामा.

झाकण घट्ट. गाडीत थेंबभर ओल नाही.

"गळला असेल," भूषण म्हणाला. कुठे गळला, ते सांग ना शहाण्या! त्याने नवा जार घेतला. गांधीतीर्थ बघून बाहेर आले...

तोही रिकामा.

दुपारी जेवायला बसले. माणसं तीन. वेटरने ग्लास ठेवले चार.

"आम्ही तिघंच आहोत," कोकिळा म्हणाली.

"ते बाबा गाडीजोडे उभा शेतस ना, त्यासले बी बलावा. पायमा चप्पल नही. पाय भाजी राहिनात त्यासना," वेटर म्हणाला.

आईने ताट दूर सारलं.

कोकिळा धावत बाहेर गेली. गाडी होती. ऊन होतं. माणूस नव्हतं. चितेवर कुणी चप्पल घालून जात नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

आत आली तर भूषण आमरसाची दुसरी वाटी ओढत होता.

"बापाच्या आधी गिळतोस?" ती भर हॉटेलात ओरडली. "ऊठ! अमळनेरला चल. दिवस मावळायच्या आत घागर भर."

"चारचौघांत शोभा करू नकोस, अक्का."

आणि त्याने गाडी सरळ धरणाकडे घेतली.

वाटेत त्याला तहान लागली. बाटलीमागून बाटली रिचवली, तहान जाईना. बोटीवर पोचल्यावर नळ सोडला तर कोरडा. बोटवाला अभिमन चक्रावला. "टाकी सकाळीच भरी व्हती, दादा."

तेवढ्यात टाकीतून आवाज आला...

घट... घट... घट...

कुणीतरी पीत होतं. घाईघाईने. मध्येच थांबून दम घेत होतं.

मग आवाज बंद झाला.

कोकिळाने वळून पाहिलं. भूषण कडेला पालथा पडला होता. तोंड धरणाच्या पाण्यात. गुरासारखा पीत होता.

तिने केस धरून त्याला ओढलं. पोट टम्म फुगलेलं. आणि त्याच्या तोंडून आबांचा, दम्याने चिरका झालेला आवाज...

"मन्ही घागर कोठे शे?"

आई रडायला लागली. कोकिळा नाही रडली. ती बापावरच चिडली. "आबा, सोडा त्याला! चुकला तो. म्हणून काय जीव घ्याल?"

भूषण पुन्हा पाण्याकडे सरकू लागला. ती आणि अभिमन मिळूनही तो आवरेना.

अभिमनच्या छोट्या माठात थोडं पाणी उरलं होतं. कोकिळाने तो माठ उचलला.

"तू नको!" आई ओरडली. "तू दुसरा घरनी शे. जो पानी देस, त्यानाच दारले त्या येतस."

कोकिळाने ऐकलं नाही. दारात माठ ठेवला, आबांचं नाव घेतलं.

बघता बघता माठ कोरडा झाला...

भूषण भडाभडा ओकला. नुसतं पाणी. तासाभराने उठून बसला आणि विचारतो काय, तर चहा झाला का?

तो सुटला. कोकिळा मात्र अडकली.

आता धरणगावला तिच्या घरचा माठ दिवसातून तीनदा रिकामा होतो. नवरा, प्रेमराज, अर्ध्या जेवणातून उठतो आणि पाणी पीत राहतो. मेलेल्या बापाला सासरी आणून बसवलं, हे ती सासूला कोणत्या तोंडाने सांगणार?

यंदाची आखाजी चार दिवसांवर आली. तिने भूषणला फोन केला. "या वर्षी तरी घागर तू भर."

"आम्ही दमणला चाललोय, अक्का. तूच भर."

आणि पुढे म्हणाला, "आणि दाजींना सांग... जेवताना मध्येच उठत जाऊ नका. आबांना आवडत नाही."

प्रेमराजचं हे उठणं कोकिळाने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

तिने फोन आपटला. मला हे सांगतानाही ती रागाने फणफणत होती.

"त्या दिन मी त्याले पानीमाईन वढालेच नको व्हतं," ती म्हणाली.