तिसरा रिले

"आणखी एक रिले द्या. मागचापण जळाला."

मारुती मंदिराजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एलईडी निवडणाऱ्या तेजस्वीनं मान वर केली. शेजारी एक उंच, सावळा तरुण उभा होता.

"हा कितवा?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"तिसरा. मोजणार असाल तर चौथाही आणून दाखवतो."

तो हसला... आणि तिच्या हातातले एलईडी काउंटरभर सांडले.

तो सुजय, मिरकरवाडा बंदरातला तांडेल, मच्छीमार बोटीचा कप्तान. बोटीच्या तळात पाणी साठलं की पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून त्यानं सर्किट बसवून घेतलं होतं. बंदरात ते गुणी लेकरासारखं वागायचं. लाटांत मात्र पंप सारखा चालू-बंद, चालू-बंद, आणि त्याची वीज जोडणारा-तोडणारा रिले जळून जायचा. उद्या पहाटे सात खलाशी घेऊन दहा दिवसांसाठी निघायचं होतं. असल्या पंपाच्या भरवशावर कसं जाणार?

तेजस्वी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोकंट्रोलर शिकवायची. राजापूरच्या आतल्या गावातली ती, बोटीवर कधी चढलेली नव्हती. तरी दुपारी लॅपटॉप घेऊन ती धक्क्यावर हजर झाली.

"तुमच्या सर्किटमधल्या या चिपमध्ये कंपॅरेटर असतो," बोटीवर उकिडवी बसत ती म्हणाली. "दोन व्होल्टेजपैकी मोठं कुठलं, एवढंच तो सांगतो. एक पाण्याच्या सेन्सरचं, दुसरं आपण ठरवून दिलेलं. सेन्सरचं वर गेलं की पंप चालू, खाली आलं की बंद."

"मग चुकतं कुठं?"

"बोट डुलते, पाणी त्या एकाच खुणेच्या वरखाली हिंदकळतं. हा दर हिंदकळीला निकाल बदलतो. रिले जळेल नाहीतर काय? ... इकडं बघा ना."

"बघतोय की."

"माझ्याकडे नाही — बोर्डाकडे."

कानाच्या पाळ्या गरम झाल्या तरी तिची बोटं थांबली नाहीत. तिनं प्रोग्रॅम बदलला. पंप सुरू झाला की ठरवलेलं व्होल्टेज खाली उतरेल. बंद झाला की पुन्हा वर चढेल. म्हणजे चालू व्हायची खूण वर, बंद व्हायची बरीच खाली.

"खरं काय ते लाटांतच कळेल," सुजय म्हणाला. "येता?"

तिनं लॅपटॉप मिटला. "येते."

बंदराचा बंधारा ओलांडताच बोट उसळली आणि तेजस्वीनं त्याचा दंड घट्ट धरला. एका खलाशानं तळात बादल्या रिकाम्या केल्या. पाणी चढलं... पंप घरघरला. एक लाट गेली, दुसरी, पाचवी — पंप चालूच. पाणी अगदी तळाला गेलं तेव्हा एकदाच 'टक्' झालं आणि सगळं शांत.

दोघं खाऱ्या पाण्यानं निथळत हसत सुटले. दंड सोडायचं तिच्या लक्षातच नव्हतं. त्यानंही आठवण करून दिली नाही.

धक्क्यावर उतरताना त्यानं हळूच विचारलं, "दहा दिवसांनी येईन. आल्यावर... तुमच्याकडे आलो तर चालेल?"

"ये."

"ये म्हणालात की या?"

"ये म्हणाले," तेजस्वी चपला शोधत खाली बघून म्हणाली. "आणि एकटा नको. आईला घेऊन ये."