उल्का न पाहिलेली मुलगी

वेधशाळेच्या दारात तो उभा होता. चिखलाचे गमबूट हातात, पायांत नुसते मोजे.

"कालच्या उल्केबद्दल सांगायचं होतं..."

"वेबसाइटवर फॉर्म आहे ना," आत कॉम्प्युटरसमोर बसलेली ती मान वर न करता म्हणाली.

"भरला की. एवढं मोठं लिहिलं, आणि बटण दाबताक्षणी 'धन्यवाद'! कुणी वाचलंय असं वाटेना."

आता तिनं मान वर केली. इंटरनेट तेव्हा नवं नवं होतं. तो फॉर्म, त्यामागची सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, सगळं तिनं एकटीनं लिहिलेलं. आदल्या संध्याकाळी आकाशातून आगीचा लोळ गेला होता. तो कुठे पडला हे लोकांच्या सांगण्यावरूनच काढायचं होतं, आणि दुपारी शोधायला गाडी निघणार होती. तिनं घाईघाईनं नोंदी उघडल्या. शेकडो ओळी, आणि सगळ्या रिकाम्या.

तिनं त्या बंद करून पुन्हा उघडल्या. रिकाम्याच.

"काय झालं?"

"माझाच आगाऊपणा." फॉर्ममधला मजकूर सर्व्हरकडे एका सलग ओळीत येतो, आणि तिच्या स्क्रिप्टला तो एकदाच वाचता येत होता. तो कच्चा कसा दिसतो हे बघायची तिला भारी हौस. म्हणून आधी वाचून तिनं तो एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवला होता. पुढच्या खऱ्या कामाला, नोंदी भरायला, काही उरलंच नाही. "थांबा... ती फाइल!"

फाइल होती. शब्दांऐवजी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे, मोकळ्या जागांच्या ठिकाणी बेरजेची चिन्हं.

तो वाकून बघत म्हणाला, "माझं अक्षर असंच आहे. जनावरांचा डॉक्टर आहे मी."

तिनं भराभर चार ओळी लिहिल्या, आणि चिन्हांची माणसं झाली. 'गच्चीवर कपडे काढत होते, सगळे हिरवे दिसले.' 'पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे गेलं.' 'बाळ रडायचं थांबलं.' 'आम्ही नवराबायको भांडत होतो, कशावरून ते विसरलो.'

इतकी माणसं, एकाच क्षणी, वर बघत...

"पुढची माझी," तो पुटपुटला. "दिशा तेवढी घ्या. बाकीचं नका वाचू, वाहवत गेलो. माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून माणूस दिसला की मी बोलत सुटतो, असं आई म्हणते."

"फॉर्ममध्ये कुठे माणूस दिसला?"

"पलीकडे कुणीतरी असेल, असं वाटलं."

तिनं दिशा तेवढी घेतली. बाकीच्यांच्याही दिशा जुळवून जागा काढली, आणि गाडी वेळेवर निघाली. मग ती हळूच म्हणाली, "मी पाहिलीच नाही."

"वेधशाळेत असून?"

"स्क्रीनसमोर होते. तीच आगाऊ ओळ लिहीत."

तो हसला नाही. "चला बाहेर."

लख्ख ऊन होतं. त्यानं हात उंचावला. "इथून निघाली... मध्ये हिरवी झाली... आणि तिथे, दोन तुकडे." हात सावकाश सरकत गेला. निळ्या, रिकाम्या आभाळात तिला ती दिसली. अंगावर काटा आला.

"मग शेजारी बघितलं, तर एक गाय आणि तिचं नुकतं जन्मलेलं वासरू. त्यांना काय सांगणार?"

"काही नाही म्हणाली गाय?"

"वासरू चाटत होती." त्यानं पुन्हा वर बघितलं. "पुढची कधी दिसेल?"

"सांगता येत नाही. उद्या दिसेल... नाहीतर जन्मभर नाही."

"मग रोज संध्याकाळी बघत बसावं लागेल."

"बसेन की," ती म्हणाली, "पण एकटी नाही."

त्याचा हात अजून आभाळातच होता. खाली आणायचं तो विसरून गेला.