प्रश्न कोणताही असो, उत्तर हो

दिवा असू दे, मालवू नका. फोन मात्र सगळ्यांनी पालथे ठेवा. गोष्ट फोनची नाही, संगणकाची आहे, पण दोघांचं नातं जवळचंच. आणि ऐकीव नाही बरं का. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्याच ऑफिसातला. त्याच्या घरी जेवलोय मी.

त्या शनिवारी, अकरा मार्चला, दुपारी साडेचार वाजता तो घरातून निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर दोनच कामं होती. ऑफिसातले बेचाळीस संगणक पुसून सोमवारी सकाळी नऊच्या आत त्यांत नवी सिस्टीम घालायची, आणि येताना लेकीसाठी रंगीत खडूंची पेटी आणायची.

ऑफिसात त्याला सगळे बिनचूक म्हणायचे. हे नाव त्याचं त्यानंच कमावलं होतं. कुणाचं मशीन बिघडलं की तो त्या माणसाला खुर्चीतून उठवायचा, चारचौघांत विचारायचा, "हा पराक्रम कुणाचा?" आणि दुरुस्त करून उठताना टाळी वाजवायचा, "आपलं काम बिनचूक!" माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण दुसरा बोलत असला की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू तो माणूस त्याच्या गाडीपुढे आडवा उभा आहे.

आता हे काम कसं चालतं ते सांगतो. बेचाळीस मशीनपुढे बेचाळीस माणसं बसवत नाहीत. तळमजल्यावर न्हाणीघराएवढ्या खोलीत एक मोठं मशीन असतं, सर्व्हर. बाकीची मशीनं वायरीतून त्याच्याकडून नवी सिस्टीम ओढून घेतात. मध्ये ती शंभर प्रश्न विचारतात. भाषा कुठली, घड्याळ कुठलं, जुनं सगळं पुसायचं का. त्यांची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची. मग मशीन विचारतं आणि फाईल उत्तर देते. माणसाची गरजच नाही.

"मामा, हे मी रोज करते," भाची म्हणाली.

तू रोज करतेस ना? मग तुला भीती जास्त वाटेल. गप्प ऐक.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी एकतीस नंबरचं मशीन होतं, आवक-जावक बघणाऱ्या ताईंचं. पन्नाशीच्या पुढच्या बाई. त्यांचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. मुलगा रोज ऑफिस सुटायच्या वेळेला आईला आवाजी निरोप पाठवायचा. "आई, मला उशीर होईल गं. तू जेवून घे." एवढंच, रोज. ते निरोप कुणीतरी ताईंना फोनमधून मशीनमध्ये उतरवून दिले होते. मग फोन हरवला. राहिले ते फक्त एकतीस नंबरात, दोनशे बारा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ताई कानात इयरफोनची एकच बोंडी घालायच्या, एक निरोप ऐकायच्या, आणि मग घास तोंडात घालायच्या. त्याशिवाय जेवायच्या नाहीत.

सूचना निघाली होती : ज्यानं त्यानं आपापलं सामान काढून ठेवावं. ताईंना ते जमेना. गुरुवारी त्या बिनचूककडे आल्या.

"दादा, माझं तेवढं काढून द्याल का?"

"होईल हो, ताई."

"विसरणार नाही ना? दुसरीकडे कुठेच नाहीये ते."

"ताई, बेचाळीस मशीनं डोक्यावर आहेत. होईल म्हटलं ना!"

शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी त्यानं मानही वर केली नाही, नुसता हात हलवला. माशी हाकलतात तसा.

असो. शनिवारी सहा वाजता ऑफिस रिकामं झालं. त्यानं सगळी मशीनं चालू केली, उत्तरांची फाईल जोडली, आणि तिन्ही मजल्यांवर पडदे निळे झाले. नऊ वाजता घरून फोन आला. सात वर्षांची लेक.

"बाबा, खडू घेतलेत?"

"घेतो गं."

"चोवीसची पेटी हं. बाराची नको."

"बरं, बाईसाहेब."

तो खाली उतरला. समोरचं दुकान बंद होत आलं होतं. बाराचीच पेटी होती. दुकानदार म्हणाला, दोन गल्ल्या सोडून चोवीसची मिळेल. बिनचूकनं बाराची घेतली. पोरीला काय कळतंय!

साडेअकरापर्यंत एक्केचाळीस मशीनं तयार. एक अडलं.

कुठलं, ते सांगायला नकोच.

एकतीस नंबर बासष्ट टक्क्यांवर थांबलं होतं. तो तिथे गेला, बंद करून चालू केलं. बासष्टवर पुन्हा थांबलं. त्यानं वायर बदलली. ती भिंतीतल्या दुसऱ्या जोडणीत खोचली. शेजारच्या तीस नंबरची वायर काढून लावून पाहिली. मशीन उघडून मेमरीची पट्टी काढली, फुंकली, परत बसवली. खाली जाऊन सर्व्हरची नोंद वाचली. तिथे लिहिलं होतं : एकतीस, उत्तराची वाट पाहत आहे.

पण उत्तरं तर सगळी फाईलमध्ये होती. त्यानंच लिहिली होती. बिनचूक.

तो परत वर आला. आता पडद्यावर एक ओळ होती. बाकीचं सगळं इन्स्टॉलेशन इंग्रजीत चाललेलं, आणि ही ओळ आपल्या बोलीत.

आवाज आहेत. २१२. पुसायचे?

बिनचूक हसला. कुणीतरी चेष्टा केली असणार. मग त्याला ताईंची आठवण आली. पोरांनो, इथे नीट ऐका. त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह होता. रिकामा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, निरोप उतरवून घ्यायचे, दहा मिनिटांचं काम. त्यानं घड्याळात पाहिलं. दीड वाजला होता. त्याला झोप येत होती. सोमवारी सांगू, डिस्कच गेली होती म्हणून. बाईंना काय कळतंय!

त्यानं 'हो' दाबलं.

मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. बासष्ट.

नक्की?

'हो.'

पुन्हा सुरू. बासष्ट.

त्यांना विचारलंत?

आता तो चिडला. तणतणत खाली गेला, सर्व्हरपुढे बसला, आणि उत्तरांच्या फाईलच्या अगदी तळाशी त्यानं एक ओळ घातली. मशीनच्या भाषेत. आपल्या भाषेत सांगायचं तर : प्रश्न कोणताही असो, विचारत बसू नकोस, उत्तर हो.

काम बिनचूक.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो वर आला. मजल्यावर एकच पडदा उजळ. खुर्ची मागे सरकलेली. आपण उठताना सरकवली असेल, असं त्याला वाटलं.

पडद्यावर ओळी येत होत्या. आपोआप. आणि उत्तरंही आपोआप.

आवाज पुसायचे? हो.

त्यांना विचारलंत? हो.

तो मनात म्हणाला, धडधडीत खोटंही बोलतंय बघा... आणि त्याला हसू आलं. ते शेवटचं.

जागा रिकामी होईल. दुसरा आवाज घ्यायचा? हो.

तो पुढे झाला.

तुमच्या घरचा? हो.

कीबोर्डवर बोटं आपटली. काही नाही.

लहान चालेल?

"ए... ए, थांब..."

हो.

त्यानं 'नाही' दाबलं. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. मग टेबलाखाली शिरून त्यानं वीज तोडली. प्लगच उपटला. पंखा थांबला. मशीनची घरघर थांबली. सगळं गप्प...

पडदा मात्र उजळच.

सात वर्षांची. चालेल?

प्लग त्याच्या हातात होता.

हो.

मग शंभर टक्के. आणि अंधार.

...

काय रे, सरकून बसताय कशाला? पाणी प्या.

तो पहाटे चारला घरी पोचला. लेक झोपलेली. श्वास नीट चालला होता, अंगात ताप नव्हता. त्यानं तिच्या नाकाशी हात धरून खात्री केली, स्वतःलाच शिव्या घातल्या, खडूंची पेटी उशाशी ठेवली आणि झोपला.

सकाळी बायकोच्या किंकाळीनं उठला. पोरगी गादीत बसलेली. मांडीवर बाराची पेटी. ती रडत होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांतून धारा. आवाज नाही. घोगरासुद्धा नाही. हवासुद्धा वाजत नव्हती.

रविवारी तीन डॉक्टर झाले. गळा चांगला, स्वरयंत्र चांगलं, कान चांगले. रात्री बायकोनं फोनमधले जुने व्हिडिओ लावले. वाढदिवसाचा, शाळेतल्या गाण्याचा. पंख्याचा आवाज येत होता, टाळ्या येत होत्या, आजी हसत होती. पोरीचे नुसते ओठ हलत होते. सगळ्या व्हिडिओंत. सात वर्षांतल्या.

बायको म्हणाली, "अहो, हे कसं..."

त्यानं तिच्या हातातला फोन घेऊन पालथा ठेवला.

सोमवारी तो ऑफिसात आला तेव्हा ताई आधीच बसल्या होत्या. मशीन चालू. नवं कोरं, रिकामं. फक्त मधोमध एक फाईल. ताईंच्या कानात बोंडी होती.

"ताई, डिस्क..." त्यानं पाठ केलेलं सुरू केलं.

"हा माझा नाही हो, दादा," ताई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "दोनदा ऐकलं. माझ्या बाळाचा नाही हा. कुणाचा आहे बघा बरं."

त्यानं बोंडी कानात घातली. अकरा सेकंद.

"चोवीसची पेटी हं. बाराची नको."

मग नुसती शांतता, आणि फाईल संपली.

तो गुडघ्यांवर बसला. मी स्वतः पाहिलंय ते. जिन्याच्या दारात उभा होतो मी. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं, काय नाही, मला ठाऊक नाही. पण बाईंनी त्याला हात देऊन उठवलं नाही.

त्यानं ती फाईल पेन ड्राइव्हवर उतरवली. घरी नेली. मुकी. दुसऱ्या मशीनवर उतरवली. मुकी. डिस्कच काढून दुसरीकडे जोडली, तरी मुकी. एकतीस नंबरात, त्या टेबलावर, त्या एका बोंडीतच काय ते वाजायचं.

"ताई, मला रोज..." त्यानं हात जोडले.

"माझी सुट्टी दीड ते दोन," ताई म्हणाल्या. "आधी या. मला मग जेवायचं असतं."

पण त्यानंतर ताईंना ऑफिसात डबा उघडताना कुणी पाहिलं नाही.

तो रोज जायचा. त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहायचा. बसा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. अकरा सेकंद ऐकायचा आणि निघायचा. लेकीला एकदा घेऊन आला. तिनं बोंडी कानात घातली, आपलाच आवाज ऐकला, आणि बापाकडे असं पाहिलं की तिला पुन्हा आणायचं त्याचं धाडस झालं नाही.

दीड वर्षानं ताई निवृत्त झाल्या. जाताना बोंडीची वायर टेबलाच्या खणात ठेवून गेल्या. त्यानं ते टेबल मागून घेतलं, मशीनवर कागद चिकटवला : पुसू नये. नव्या सिस्टीमची वेळ आली की स्वतः एकतीस नंबर यादीतून काढायचा.

मागच्या वर्षी ऑफिसनं हे काम बाहेरच्या लोकांना दिलं. एक तरुण बाई आली, हातात यादी, दोन फोन वाजताहेत. बिनचूक तिच्यामागे मजलाभर फिरला.

"एकतीस तेवढं सोडाल का?"

"होईल हो, काका."

"विसरणार नाही ना? दुसरीकडे कुठेच नाहीये ते..."

तिनं मानही वर केली नाही. नुसता हात हलवला.

रात्री त्याला इमारतीत थांबू दिलं नाही. नियम. निघताना त्यानं एकतीसची वायर उपटून ठेवली. कुणीतरी, चांगल्या मनानं, ती परत नीट बसवून दिली.

सोमवारी मशीन कोरं होतं. मधोमध काहीच नव्हतं. कागद मात्र जागच्या जागी : पुसू नये. मशीन कागद वाचत नाही.

त्या दिवशी तो खणातली बोंडीची वायर खिशात घालून घरी गेला. लेक आता दहा-अकराची. जेवत नव्हती फारशी. ताट पुढ्यात आलं की नुसती बघत बसायची. त्यानं वायर जेवणाच्या टेबलावर टाकली आणि हात धुवायला गेला.

पुढचं मी पाहिलं. मी तिथे होतो, म्हणूनच तर म्हटलं, त्याच्या घरी जेवलोय मी. पोरीनं वायर उचलली. एक बोंडी कानात घातली. ऐकत राहिली. मग मान हलवली, मोठ्या भावानं 'तू जेवून घे' म्हटलं की लहान बहीण हलवते तशी. ताट पुढे ओढलं. आणि जेवायला लागली.

बाप दारात, ओल्या हातांनी...

मी वाकून पाहिलं. वायरीचं दुसरं टोक टेबलाखाली नुसतं लोंबत होतं.