तेरावा कागद

पहिल्याच भेटीत तो बारा मुलं घेऊन आला होता.

दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. सोलापुरात सात रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसचा जिना पालकांनी भरून गेला होता. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन पंखे आणि दाराशी स्टुलावर बसलेली माझी मावशी, नागव्वा. अकरावीला काय घ्यायचं, कुठलं कॉलेज, पुढे काय व्हायचं, हे विचारायला मुलं माझ्याकडे येतात. मावशी नंबर वाटते, चहा करते आणि आलेल्या माणसाकडे एकदा बघून मला कन्नडमध्ये त्याची कुंडली सांगते. आम्ही कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नसेल ते सगळं कन्नडमध्ये.

"पालक कोण?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"बाराही जणांचा."

"वयाच्या मानानं भलताच घाईत दिसतोय," मावशी कन्नडमध्ये पुटपुटली. मी ओठ दाबून हसू आवरलं. त्याला नेमका तेव्हाच खोकला आला.

तो जोतिराम. सांगोल्याकडचा, इथल्या एका शाळेत गणित शिकवणारा. मुलांचे आई-वडील कामावर, म्हणून सुट्टीत हा सगळ्यांना गोळा करून आला होता. मी त्याला माझी पद्धत सांगितली. माझ्याकडे दोन कागद असतात. एकावर मूल आपल्या तीन इच्छा लिहितं, पसंतीच्या क्रमानं. दुसऱ्यावर पालकांनी लिहायचं, आपल्या मुलानं काय लिहिलं असेल. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून उघडायचे. दहातल्या आठ घरांत ते जुळत नाहीत. खरं बोलणं तिथून सुरू होतं.

त्यानं बारा कागद मागून घेतले. एकेका मुलाकडे बघत, पेन गालाला लावत, सगळे भरले. अकरा जुळले! सख्ख्या बापांना जमत नाही ते या माणसाला जमलं होतं. बारावा चुकला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

"हिचं मला कळलंच न्हाई मॅडम… वर्षभर हिच्या समोर उभा राहून काय उपयोग माझा?"

मग तो त्या मुलीशेजारी जिन्यात अर्धा तास बसून राहिला. गुडघे जुळवून, मान खाली घालून, नुसता ऐकत. मी पुढच्या पालकांना "नीट" आणि "सीईटी"तला फरक सांगत होते आणि तोच फरक तीनदा सांगितला. झालं ते तिथंच झालं. मी उगाच खोटं कशाला बोलू?

प्रेमकथेत या वेळी पाऊस पडतो म्हणे. आमच्या सोलापुरात आभाळ भरून येतं आणि तुळजापूरकडे निघून जातं. माझ्या गोष्टीत पाऊस नव्हता. पंखा होता आणि दर शनिवारी येणारा तो.

"आज कोण आहे बरोबर?" मी विचारायची.

"आज कुणी न्हाई. चहा."

"चहा खालीसुद्धा मिळतो, सर."

"मिळतो की. पण तितं असं डोळे वटारून कोण देत न्हाई."

मी डोळे आणखी वटारायची. आणि त्याच्या समोर बसून, चेहरा अगदी सरकारी ठेवून, मावशीला कन्नडमध्ये सांगायची, "निळ्या शर्टात बरा दिसतो नाही?" त्याला खोकला यायचा. मी ज्येष्ठमध सुचवलं. पुढच्या शनिवारी तो निळ्याच शर्टात आला. त्याच्या पुढच्याही. माणसाकडे एकच शर्ट असावा, असं म्हणून मी सोडून दिलं.

आणि पाचव्या शनिवारी त्याच्या गाडीवरून सुकन्या उतरली.

सुकन्या मॅडम. त्याच्याच शाळेत इंग्रजी शिकवायच्या. कमरेखाली पोचणारी वेणी, त्या उकाड्यातही कोरडं कपाळ, आणि त्याला चक्क "जोती सर" म्हणायच्या. जोती! मी सव्वा महिन्यात "सर"च्या पुढे सरकले नव्हते.

"जोती सर, रुमाल द्या ना," त्या म्हणाल्या. आणि त्यानं दिला… खिशातून काढून, न बघता, सवयीनं दिल्यासारखा. त्यांनी खुर्ची पुसली आणि परत दिला. तो त्यानं घडी घालून ठेवला! आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर तो रुमाल होता. पांढरा, कडेला तपकिरी रेघ. मुलं विचारायची, मॅडम, कॉमर्सला गणित घ्यावंच लागतं का? मला वाटायचं, घडी घालायची काय गरज होती?

उरलेलं काव्यानं सांगितलं. काव्या त्या बारा जणांतलीच. वडील श्रीपूरला साखर कारखान्यात, ही शाळेसाठी सोलापुरात आत्याकडे. बोलायला लागली की थांबत नाही.

"मॅडम, जोतिराम सरांचं आणि सुकन्या मॅडमचं जमवायलेत म्हणं घरचे. दोघंबी सांगोल्याकडचे की. सोमवारी उत्तर द्यायचंय सरांना."

"छान," मी म्हटलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तो सहावा शनिवार होता. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. काव्याचे वडील, आण्णा, खास रजा काढून श्रीपूरहून आले होते. जोतिराम आणि सुकन्या मॅडमही होते, एकाच बाकावर, मध्ये चार बोटांचं अंतर. मी मोजलं होतं.

काव्यानं माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. गोल, सुबक अक्षर. 'काव्याला आर्ट्स द्यावं, पुढे वकिली. तिची भाषा आणि वाद घालण्याची हौस दोन्ही पक्की आहेत. सुकन्या.'

चिठ्ठी बरोबर होती. पहिल्या भेटीतल्या काव्याच्या कागदावर पहिल्या ओळीत तेच होतं, आणि ते मला पाठ होतं. पण त्या अक्षराखालचं नाव वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ही बाई आता माझं कामही करणार का?" मी मावशीला कन्नडमध्ये म्हटलं. "ही उजवीकडे म्हणाली तर मी डावीकडे नेणार. आणि ती वेणी… जिन्याच्या दारात अडकली पाहिजे एकदा."

त्या वेळी जोतिरामला खोकला आला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी कागद काढलेच नाहीत. शहाऐंशी टक्के आहेत, सायन्स घ्या, सगळे रस्ते मोकळे राहतात, असं काहीबाही भराभर बोलले. काव्या पहिल्यांदाच गप्प बसली होती. आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुमी म्हंता तसं, मॅडम. आमाला काय कळतंय. तुमी वाईट सांगनार न्हाई."

पसंतीक्रमात पहिलं नाव सायन्सचं घालून मी फॉर्म सेव्ह केला. सगळे लवकर जावेत म्हणून, एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत कायमचा लॉक करा असं सांगितलं. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तिथं जावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद, हेही बजावलं. सगळे गेले. मी मावशीनं दिलेला चहा तसाच ठेवला.

अर्ध्या तासानं जिना वाजला. जोतिराम. एकटाच. माझ्यासमोरच्या, मुलांसाठी असलेल्या खुर्चीत बसला.

"मॅडम, आज काव्याला कागद दिले न्हाईत तुमी."

"तुमच्या सुकन्या मॅडमनी आधीच सगळं लिहून दिलं होतं की."

"म्हणून उजवीकडचं डावीकडं नेलंत?"

मी हसणार होते… आणि थांबले. हे वाक्य मी मराठीत बोललेच नव्हते.

"नंग एल्ला तिळीतद्री," तो हळूच म्हणाला. मला सगळं कळतं. साध्या, स्वच्छ कन्नडमध्ये. आमच्या मैंदर्गीत बोलतात त्याहूनही गोड.

जमीन दुभंगावी असं बायका म्हणतात. माझ्या पायाखाली झेरॉक्सचं दुकान होतं, तरी चाललं असतं.

"आमची मेंढरं होती," तो सांगू लागला. "दिवाळी झाली की विजापूरकडं निघायचं. तिकडच्या शेतांत मेंढरं बसवायची, खतासाठी. मी सातवीपर्यंत निम्मं वर्ष तितंच असायचो. पोरांशी भांडायला तरी भाषा यायलाच पायजे की."

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशी सांगनार होतो. मावशी मला घाईत म्हणाल्या, मग लाज वाटली. दुसऱ्या शनिवारी तुमी म्हणालात, शर्ट बरा दिसतो." तो स्वतःच्या निळ्या बाहीकडे बघत होता. "मग… कसं सांगनार?"

मी मावशीकडे वळले. ती स्टोव्ह पुसण्यात गुंग होती. "मला तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं," ती कन्नडमध्ये म्हणाली. "साखर पाहिजे का विचारलं तुला, मान हलवली यानं."

"ते राहू द्या," जोतिरामचा आवाज बदलला. "मी चिडून आलोय, मॅडम. वेणीचं हसण्यावारी जाईल. पण त्या पोरीची दोन वर्षं… ती तुमच्यावर विश्वास टाकून गेली."

त्यानं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. त्यानं चढवला नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि मी फोन उचलून काव्याला लावला. पावणेपाच वाजले होते.

"मॅडम, लॉकच करायलोय," पलीकडून काव्या. आवाज बसलेला.

"करू नकोस! बोट काढ तिथून. रिक्षा करा, परत या."

पंधरा मिनिटांत दोघं धापा टाकत आली. मी दोघांना दोन कोपऱ्यांत बसवून कागद दिले. काव्यानं एका झटक्यात लिहिलं. आण्णांना वेळ लागला. शेजारी शेजारी ठेवून उघडले. काव्याची पहिली ओळ: वकील. आण्णांची, वाकड्या अक्षरात: वकील.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"म्हाईत हाय की. घरात माज्याशीच भांडती रोज," आण्णा म्हणाले. "पन तुमी सायन्स म्हनला. मला वाटलं, आमचंच चुकत असंल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी होती, आण्णा. मी रागात होते, दुसऱ्याच कुणावर तरी." ते जरा गोंधळले, मग मान डोलावली. पहिल्या क्रमांकाला आर्ट्सचं कॉलेज घालून माझ्याच कॉम्प्युटरवर काव्यानं फॉर्म लॉक केला. जाताना ती जिन्यातूनच बापाशी कशावरून तरी वाद घालत उतरली. किती बरं वाटलं!

खोलीत आम्ही दोघं उरलो. आणि मावशी, पण ती भिंतीकडे तोंड करून कपबशा मोजत होती. कपबशा चारच होत्या.

"सोमवारी तुम्हाला उत्तर द्यायचं आहे म्हणे," मी टेबलाकडे बघत म्हटलं.

"व्हय."

"काय देणार?"

"सहा शनिवार झाले, कन्नडमध्ये लई काय काय ऐकलं. पण ते सगळं मावशींना. मला उद्देशून एकदा तरी बोला की… मराठीत."

मी ड्रॉवर उघडला आणि दोन कागद काढले. मुलांचा माझ्यापुढे ठेवला, पालकांचा त्याच्यापुढे सरकवला. त्याच्यासाठीचा हा तेरावा. त्यानं पेन गालाला लावलं, तस्संच, पहिल्या दिवसासारखं.

मी लिहिलं. घडी घातली. शेजारी ठेवून उघडले.

त्यानं लिहिलं होतं: एक, सुकन्या मॅडमची बदली. दोन, त्यांच्या वेणीचं काहीतरी. तिसऱ्या ओळीत, खोडून, परत लिहून, अगदी बारीक अक्षरात: मी?

माझ्या कागदावर पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. नुसतं 'जोतिराम'. सर नाही.

तो बराच वेळ वाचत राहिला. एकच तर शब्द होता.

"क्रम चुकला तुमचा," मी म्हटलं.

"चुकला." कान लाल झाले होते त्याचे. "पण… खालच्या दोन ओळी रिकाम्याच? पोरांना तर रागावता. एकच नाव भरून फॉर्म लॉक करायचा न्हाई, धोका असतो म्हणून."

"असू दे."

त्यानं टेबलावरचा माझा हात धरला नाही. नुसती करंगळी माझ्या करंगळीला टेकवली आणि तशीच ठेवली. मावशीनं पाचव्यांदा चार कपबशा मोजल्या.

"मैंदर्गीत घरच्यांशी मी बोलते," ती भिंतीलाच म्हणाली. "पण शर्ट दुसरा घे म्हणावं."

"सुकन्याला आत्ताच सांगतो," जोतिराम म्हणाला. "सोमवारपर्यंत ताटकळत ठेवणं बरं न्हाई." आणि त्यानं फोन काढून नंबर लावला. यादीत न शोधता. पाठ होता त्याला! मला तो घडी घातलेला रुमाल आठवला.

"स्पीकरवर ठेवा," मी म्हटलं.

त्यानं हसत ठेवला.

"सुकन्या, सोमवारचं उत्तर आजच सांगतो. माझं—"

"न्हाई, ते मला कळलंय हो," पलीकडून त्यांचा आवाज आला. थोडा ओला, पण सरळ. "तुमी कुणासाठी निळा शर्ट धुऊन धुऊन घालता ते आख्ख्या शाळेला ठाऊक हाय. बाबांना मी सांगते. एक बोलू? मॅडम तितंच हायत ना? त्यांना विचारा, काव्याचा फॉर्म नीट झाला का. पोरगी रडत गेली हो. मला तिची लई काळजी लागलीय."

तो माझ्याकडे बघू लागला. मी फोन जवळ ओढला.

"झाला," मी म्हटलं. "पहिल्या क्रमांकाला आर्ट्स. तुमचंच बरोबर होतं, सुकन्या मॅडम."