मागच्या पायरीवरची हाक

मागे डबा जोडलेली लॉरी वळवणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी वळवली नाही त्याला सांगून उपयोग नाही. तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे. पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत. डबा वळण आतून कापतो, घाईतला माणूस दुसऱ्याच्या रानातून आडवाट काढतो तसा. म्हणून उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडे सरकायचं, जागा करायची, मग वळायचं. पहिल्या लढाईत बसऱ्याला एका गोऱ्या सार्जंटनं हे मला शिव्या देत देत शिकवलं, पण नीट शिकवलं. १९३४ साली सोलापुरात हे समजणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि ज्यांना समजत नव्हतं तेच मला हुकूम सोडत होते.

मी रावजी, मूळ माढ्याचा. सिद्धकृपा दवाखाना मंडळाच्या लॉरीवर ड्रायव्हर होतो. लॉरीमागे आकड्याला अडकवलेली, दोन चाकांवरची लाकडी खोली होती. तिच्यात एक खाट, औषधांची कपाटं, हात धुवायचं भांडं. लोक तिला डबा म्हणत. दर सोमवारी डबा घेऊन आम्ही अक्कलकोटकडे जायचो आणि बुधवारी दुपारी परत यायचो. डबा लॉरीपेक्षा रुंद, त्यामुळे मला मागचं काही म्हणता काही दिसत नसे. त्यासाठी डब्याच्या मागच्या पायरीवर एक माणूस उभा असे. त्याच्या हातात लाल निशाण आणि एक दोरी. दोरी छपरावरून माझ्या कानाजवळच्या पितळी घंटेला बांधलेली. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या.

तो माणूस गुरप्पा. अक्कलकोटचा, पन्नाशी ओलांडलेला, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. आवाज खणखणीत, पण वर चढवून बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सात वर्षांत त्याच्या तोंडून मी वावगा शब्द ऐकला नाही. त्याची बोली कानडी. मला कानडी येत नव्हती आणि शिकायची गरजही वाटली नव्हती. पहिल्याच दिवशी मी त्याला बजावलं होतं, गाडीवर मराठीत बोलायचं. त्यानं मान डोलावली आणि सात वर्षं पाळलं.

रस्त्यात एक जागा वाईट होती. वळसंग मागे टाकून सोलापूरकडे येताना एक म्हातारा लिंब लागतो, तिथे रस्ता एकदम उजवीकडे मुरडतो. वळणाच्या आतल्या अंगाला नाला, त्यावर फरशी, फरशीला कठडा नाही. जाताना तोच नाला डाव्या हाताला येतो. तिथे 'सावकाश, पुढे वळण' अशी पाटी लावून घ्या, म्हणून मी मंडळाचे चिटणीस वीरभद्रप्पा यांच्याकडे तीन अर्ज दिले. अर्ज रस्त्याच्या कचेरीकडे धाडायचं काम त्यांचं. ते म्हणाले, "बैलगाड्या शंभर वर्षं वळतात तिथं, रावजी. त्यांना कोण पाटी वाचून दाखवतं?" तिन्ही अर्ज त्यांच्या खणात राहिले.

वर त्यांनी घंटाही नेली. रोग्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणे. आठ दिवसांनी कचेरीत गेलो तर घंटा त्यांच्या टेबलावर, शिपायाला बोलवायला. माझं डोकं फिरलं. पण नोकरी त्यांच्या हातात होती, तेव्हा मी राग गिळला, आणि गिळलेला राग दुसऱ्या कुणावर तरी निघतोच. तो गुरप्पावर निघाला.

चैत्रातला बुधवार होता तो. भर दुपार, रस्ता तापून पांढरा पडलेला. वळसंगला पाण्यासाठी थांबलो तेव्हा गुरप्पा पुढे आला.

"जरा सावकाश घ्या की, डायवरसाब. मागचं लई आत येतंय. घंटी बी न्हाय आता."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "पायरीवर उभा राहा आणि गप राहा."

तो गेला. लिंबाजवळ मी वळण जरा लवकर घेतलं. हातभर लवकर. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, कधी नव्हे इतका मोठा.

"येडा! येडा! येडा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पायरीवरचा माणूस मला भर रस्त्यात वेडा म्हणतो! मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. स्टिअरिंग आणखी उजवीकडे दाबलं. मग लॉरी मागे ओढली गेली, लाकूड मोडल्याचा आवाज झाला आणि धूळ उठली. डब्याचं उजवं चाक फरशीवरून सुटलं होतं. डबा नाल्यात कलंडला होता आणि गुरप्पा त्याच्याखाली होता.

चौकशी मंडळाच्याच कचेरीत झाली. मी खरं तेच सांगितलं. निदान मला तेव्हा ते खरं वाटलं. इशारा दिला नाही, मला येडा म्हणाला. कारकुनानं लिहून घेतलं. वीरभद्रप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या घंटेकडे, आणि खाली सही केली. 'मृताने इशारा दिला नाही. उलट अपशब्द उच्चारले.' तो कागद अक्कलकोटला त्याच्या घरी गेला आणि चावडीत वाचलाही गेला.

दोन महिन्यांनी डबा दुरुस्त झाला. पायरीवर ज्ञानबा नावाचा माणूस दिला. चाळिशीचा, डोळ्याला डोळा न देणारा, मुलखाचा अबोल. पहिल्या सोमवारी जाताना लिंब आला आणि मागून हाक आली.

"बला. बला."

मोठ्यानं नाही. घाई नाही. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि ज्ञानबाची गचांडी धरली.

"बला कुणाला म्हणालास?"

"म्या? म्या तोंड बी उघडलं न्हाय."

त्याचं तोंड धुळीनं भरलं होतं, त्यातून शब्द निघणं कठीणच होतं. बुधवारी परत येताना त्याच जागी हाक आली, "येडा. येडा." आता आवाज ओळखायला वेळ लागला नाही. पुढच्या फेरीला मी ज्ञानबाला पुढे माझ्याशेजारी बसवलं आणि पायरी रिकामी ठेवली. हाक आलीच. जाताना बला, येताना येडा.

मी भुताखेताला मानणारा नाही. आधी वाटलं आकडा कुरकुरतोय. त्याला वंगण घातलं. मग वाटलं डब्याची फळी सैल झाली असेल. सगळ्या फळ्या पुन्हा ठोकल्या, छपरावर ताडपत्री ताणली. एकदा रिकामा डबा मैदानात फिरवून पाहिला, चूंसुद्धा नाही. लिंबाशी गेलं की हाक. नंतर नंतर सोलापुरातही येऊ लागली, पेठेतल्या अरुंद बोळांच्या तोंडाशी, अगदी वळायच्या आधी. मला भीती वाटली असं म्हणत नाही. मला संताप आला. मेला तरी हा माणूस मला वेडा म्हणतो, वर बला म्हणतो, इडापिडा म्हणतो. अरे, मी असं काय केलं होतं तुझं?

श्रावणात एका सोमवारी डबा अक्कलकोटला लावला आणि तडक त्याचं घर गाठलं. त्याची बायको मल्लव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातूनच सुरू झालो.

"तुमच्या नवऱ्याला आवरा, मल्लव्वा. मेल्यावरही शिव्या देतो मला. येताना येडा, जाताना बला."

तिचा हात थांबला. मग पिठानं माखलेला डावा हात तिनं माझ्यासमोर धरला.

"ह्ये येडा," ती म्हणाली. मग उजवा हात वर केला. "ह्ये बला. आमच्या कानडीत."

मी बसलो. तिथेच, उंबऱ्यावर. येताना नाला उजवीकडे, म्हणून डावीकडे घ्या. जाताना नाला डावीकडे, म्हणून उजवीकडे घ्या. सात वर्षं तो मला डावं-उजवं मराठीत सांगत आला होता. जीव जायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडी त्याची बोली आली, एवढंच.

"तेनी तुमास्नी वाट सांगितली की," मल्लव्वा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते मला जास्त लागलं. "शिवी कुटं दिली? लिंग धरलेला माणूस त्यो. गावात समदी म्हंत्यात, तोंड घाण करून मेला. मला दुसरं कायबी नको. तेवढं कागदावरलं पुसा."

परत आल्यावर आधी वीरभद्रप्पांच्या कचेरीत गेलो. चप्पल न काढता आत शिरलो. म्हणालो, जबानी बदलायची आहे. इशारा दिला होता, मी तो ओळखला नाही, दोष माझा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वीरभद्रप्पांच्या घरची बोलीही कानडीच.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं," मी म्हणालो.

ते टेबलावरची घंटा बोटानं फिरवत राहिले. "इशारा दिला होता म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, रावजी. घंटा कुठं होती? अर्ज कुठं होते? मंडळ बंद पडलं तर किती गावांचं औषध जाईल, विचार करा. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

मी त्यांना मारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. हात टेबलाच्या कडेवर ठेवून उभा राहिलो, तळवे दुखेपर्यंत.

"मल्लव्वाला पडतो," एवढंच म्हणालो आणि बाहेर आलो.

त्या दिवसापासून मी बोलणंच सोडलं. कुणाशीच नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती. जेवण जात नव्हतं. रात्रंदिवस तेच एक, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो.

भाद्रपदात अक्कलकोटच्या दवाखान्याची पाहणी निघाली आणि वीरभद्रप्पा स्वतः आले. परतीला ऊन फार होतं. ते म्हणाले, मी डब्यात खाटेवर पडतो. मी मान हलवली. ज्ञानबा माझ्याशेजारी बसला. वळसंग गेलं. दूर लिंब दिसायला लागला.

मला ठाऊक होतं हाक येणार. आता ती मला शिवी वाटत नव्हती, उलट मी तिची वाट पाहत असे. गेल्या तीन फेऱ्या मी फक्त तिच्यावर भरवसा ठेवून वळण घेतलं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती. येताना डावीकडे. नेहमीच डावीकडे.

लिंब जवळ आला.

हाक आली.

"बला! बला! बला!"

उजवीकडे. उजव्या हाताला नाला. कठडा नाही. मागे डब्यात वीरभद्रप्पा.

माझे हात उजवीकडे वळायला लागले. हे लपवण्यात अर्थ नाही. वळायला लागले, आणि मला बरं वाटलं. गुरप्पा कधी चुकला नव्हता. तोच सांगतोय, मी कोण नाही म्हणणारा?

"बला!"

आणि मग ते उंबऱ्यावर ऐकलेलं आठवलं. तेनी वाट सांगितली की. नाल्यात घाल असं कधी म्हणाला नाही तो, कुणालाच नाही.

मी ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी.

लॉरी थांबली. उतरून मागे गेलो. डब्याचं उजवं चाक फरशीच्या कडेपासून चार बोटांवर होतं. डब्याचं दार उघडं होतं आणि मागच्या पायरीवर वीरभद्रप्पा उभे होते. टोपी नव्हती. दोन्ही हातांनी त्यांनी दाराची चौकट धरली होती.

"तो हितंच होता," ते म्हणाले. "माझ्या शेजारी. पायरीवर. मी झोपलो होतो, त्यानं ओरडून उठवलं."

मी चाकामागे एक दगड लावला.

"एडा म्हणत होता," ते म्हणाले. "डावीकडे घ्या म्हणत होता, रावजी. सारखा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

त्यांनी तिथेच, लॉरीच्या बॉनेटवर कागद ठेवून, स्वतःच्या हातानं लिहिलं. 'मृत गुरप्पा यांनी वेळेवर योग्य इशारा दिला होता. मागील नोंद रद्द.' सही करताना अक्षर वाकडं गेलं, पण सही होती. पुढच्या सोमवारी तो कागद चावडीत वाचला गेला. मल्लव्वा डोक्यावर पदर घेऊन मागे उभी होती. महिन्याभरात लिंबाजवळ पाटी लागली, मराठीत आणि कानडीत, आणि घंटा माझ्या कानाजवळ परत आली. हाक त्यानंतर आली नाही.

पण मला सांगायचं ते त्या दुपारचं. कागद घडी करून मी खिशात ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो. ज्ञानबा दाराला चिकटून, माझ्यापासून होता होईल तेवढा लांब सरकून बसला होता. त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, माझ्याकडे न बघता.

"प्या थोडं," तो म्हणाला. "बला, बला वरडून वरडून घसा बसला की तुमचा."

मी ओरडलो नाही, असं मला म्हणायचं होतं. श्रावणापासून मी एक शब्द बोललो नव्हतो. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.