माहुताची छिन्नी

नेपच्यूनच्या ट्रायटन नावाच्या चंद्रावर एक वेधशाळा आहे. तिथल्या जेवणाच्या टेबलावर रोम आणि कार्थेज यांची लढाई कित्येक वर्षं चालू होती, आणि दर वेळी रोमच जिंकत होतं. सैनिक अंगठ्याएवढे, प्रत्येकाच्या बुडाला लोहचुंबक. ट्रायटनवर माणसाचं वजन उरतं मांजराएवढं, तेव्हा चुंबक नसला तर एका शिंकेत अख्खी पलटण छताला. एकदा तसं झालंही होतं. कार्थेजचा एक घोडेस्वार पुढं चहाच्या गाळणीत सापडला.

वेधशाळेत सुधन्वा तेरदाळे एकटेच राहत. मीठ द्या म्हणायलाही दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा प्रतिस्पर्धी होता थोरला भाऊ, अण्णा. तो मिरजेत. गुरांचा निवृत्त डॉक्टर. निरोपाला तिथून इथं यायला चार तास लागत, जायला पुन्हा चार. एखादी कोपरखळी मारावी आणि भाऊ हसला की नाही हे कळायला चहा, जेवण आणि वामकुक्षी उरकून घ्यावी, असा तो प्रकार.

अण्णा या खेळात नवशिका. नियम तेरदाळ्यांनीच शिकवले होते, ट्रायटनला निघण्याआधी, मिरजेच्या ओसरीत बसून.

"रोमच्या तीन रांगा, अण्णा. पुढं पोरं, मधे कर्ते पुरुष, मागं म्हातारे भालेवाले. म्हाताऱ्यांवर पाळी आली की समजायचं, गाडं घसरलं. तुझं कार्थेज म्हणजे दहा मुलखांतले भाडोत्री लोक, फर्मास घोडदळ आणि हत्ती. हत्ती कडेला ठेव, माझ्या घोड्यांसमोर. घोडे बुजतात. स्वतःच्या पायदळापुढं ठेवू नकोस. मी रांगांमधून गल्ल्या सोडीन, भाले फेकीन, आणि हत्ती उलटे फिरून तुझ्याच माणसांना तुडवतील."

"मला हत्ती शिकवतोस?" अण्णा म्हणाला. "सर्कशीतल्या हत्तिणीला एनिमा दिलाय मी. तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं, सुध्या."

आणि त्यानं हत्ती बरोबर पायदळापुढं मांडले.

"बरं, मग एक सोय ध्यानात ठेव. हत्ती बेभान झाला, तर तुझा माहूत त्याच्या मानेत छिन्नी ठोकू शकतो. हत्ती जागच्या जागी मरतो. त्या काळी तसं करत, म्हणतात."

"जन्मभर जनावरं वाचवली. आता मारू? प्लास्टिकचं असलं तरी नाही."

अण्णानं शब्द पाळला. हत्ती दर डावात पायदळापुढं, दर डावात उलटे, दर डावात अण्णाची फौज चिरडलेली. "किती वेळा सांगू रे तुला!" असं तेरदाळे ट्रायटनवरून ओरडत, आणि आठ तासांनी अण्णाचं खो खो हसणं येई.

मग कधीतरी तेरदाळ्यांनी ओरडणं सोडलं. त्यांच्या मनात एक किडा शिरला होता.

वेधशाळेची डागडुजी करायला रसदयान आलं, तेव्हा त्यांनी तो किडा ऊर्मिला गद्रे या अभियंतीपुढं काढला. बाई तिशीतली, जिभेनं तिखट.

"पोरी, ही छायाखेळाडू नावाची भानगड काय आहे?"

"कळलं होय तुम्हाला? काका, पृथ्वीवरून इथं येणारा संदेशपट्टा बोरूएवढा बारीक. पुष्कळदा तुटतो. तुटला की माणूस भिंतीशी बोलायला लागतो. म्हणून तुमच्या माणसाच्या जुन्या खेळ्या, जुनं बोलणं, जुनं हसणं, सगळ्याची स्मृतिनोंद करायची, आणि तुटलेल्या जागी त्यातूनच खेळी भरायची. आवाजासकट. मिरजेतही तुमची छाया अशीच भरणी करते."

"मग आलेली खेळी अण्णाची की छायेची?"

"ते कुणालाच सांगत नाहीत. मलाही दिसत नाही. सांगायला लागलो तेव्हा लोकांनी पट गुंडाळून ठेवले."

"छाया शिकते का?"

"छे! शिकली तर ती तुमच्या अण्णांसारखी कशी राहील? त्यांनी जे केलंय तेवढंच ती करते. जे कधीच केलं नाही, ते तिच्या बापजन्मात जमणार नाही."

तेरदाळे मनात हिशेब करू लागले. इतक्या वर्षांत तीच चूक. नवशिका इतका काळ नवशिका राहतो का? शेवटच्या पत्रात अण्णाच्या छातीत दुखत असल्याचं होतं. रसदयान परतीला निघणार होतं. मिरजेत अण्णा असेल तर तेरदाळ्यांना जायचं होतं. नसेल, तर चार वर्षांचा प्रवास कुलूप बघायला कोण करतो? त्यापेक्षा ट्रायटन बरा. इथलं एकटेपण निदान सवयीचं.

"काका, उद्या निघतोय आपण. येताय ना?" ऊर्मिलानं विचारलं.

"एक डाव खेळून सांगतो."

त्या डावात तेरदाळ्यांनी जन्मात केली नव्हती अशी खेळी केली. गल्ल्या सोडल्या नाहीत. म्हातारे भालेवाले उचलून सगळ्यांत पुढं, हत्तींच्या सोंडेखाली उभे केले. शेंबडं पोरही असं मांडणार नाही. उत्तर आलं: हत्ती सरळ धावले. फासे पडले, म्हातारे चिरडले, रोमची छावणी उघडी पडली आणि रक्तानं माजलेला पुढचा हत्ती बेभान झाला. त्याचं तोंड रोमकडेच होतं. आणखी एक खेळी, आणि अण्णा आयुष्यात पहिल्यांदा जिंकणार होता. हत्तीला फक्त धावू द्यायचं होतं. छायेनं नक्की तेच केलं असतं.

आठ तास तेरदाळे टेबलापासून हलले नाहीत.

मग अण्णाचा आवाज आला. "माहूत, छिन्नी काढ."

"मारला, सुध्या. चांगला हत्ती होता. मला जिंकवायला बसलास? भीक घालतोस थोरल्या भावाला? पण एक कळलं. तुझी छाया कधी मुद्दाम हरली नसती. म्हणजे तू आहेस! तू ओरडायचा थांबलास, तेव्हा मला वाटलं, गेलास. मी मुद्दाम त्याच जागी हत्ती मांडत राहिलो. म्हटलं, खरा असेल तर कधीतरी बोंबलेल."

तेरदाळ्यांनी मेलेला हत्ती उचलला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी ते यानात होते.

नेपच्यून मागं लहान होत गेला. ऊर्मिला मजेत होती. "काका, तुमचा पट जोडून दिलाय. आणि अभिनंदन! ती छिन्नीची खेळी स्मृतिनोंदीत गेली. अण्णांची छाया आता आणखी अण्णांसारखी झाली."

तेरदाळ्यांचा हात पटावरच थांबला.

पुढच्या डावात हत्ती बेभान झाला. आवाज आला, "माहूत, छिन्नी काढ." त्यापुढच्याही डावात. तोच आवाज, तोच खाकरा. अण्णा असेल. नसेलही. पुरावा एकदा वापरला की तो पुरावा राहत नाही, हे त्यांना चार वर्षांच्या वाटेच्या तोंडाशी कळलं होतं.

त्यांनी खिशातला हत्ती पटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "अण्णा, ज्याला मारलास त्याचं नाव काय ठेवलं होतंस रे?"

उत्तर नेहमीपेक्षा उशिरा आलं. तोवर ऊर्मिला दोनदा जेवायला बोलावून गेली.

"नाव होतं. पण इथं सांगितलं की तुमच्या त्या नोंदीच्या पोटात जाईल, आणि मग कोणीही सांगेल. मिरजेला ये. कानात सांगतो."

तेरदाळे खूप वेळ हसले. मग डोळे पुसले आणि हत्ती परत खिशात ठेवला. चार वर्षांत ते अण्णाशी शेकडो डाव हरले, जिंकले, भांडले. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही. दुसऱ्यांदा विचारला असता, तर हेच उत्तर पुन्हा आलं असतं.