पाचवा ठिपका

सरांस्नी एकच फुलपाखरू पायजे हुतं. काळं, पंज्याएवढं, मागच्या पंखावर निळं पाच ठिपकं! चार ठिपक्यांचं दाजीपूरच्या जंगलात ढिगानं उडतंय. पाचाचं सरांनी बारा वर्सामागं एकदा बघितलंतं, पण जाळ्यातनं निसटलं. मुंबैच्या जाणकारांनी पत्र धाडलं, "मास्तर, मोजताना चुकला असाल." त्ये पत्र अजून सरांच्या खिशात हाय. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून सरांनी डोळं उसनं घेतलं. माझं!

मी इकबाल. आठवीत ह्याच सयाजी सरांच्या वर्गातनं दप्तर भिरकावून उठलो. तवा सर वरडलंतं, "जा! जलमभर अंगठा उठवत बस!" मग हुपरीला चांदीच्या कामाला लागलो. पैंजणावर खसखशीएवढा डाग असला तरी मला दिसायचा. डाग दिसला की अंगठा फिरवायचा, मगच नग मालकाच्या हातात. पुढं मालकालाच फिरवून हाणली, आणि घरी आलो.

चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. जंगलखात्याचा परवाना चारच दिसांचा. वाट दाखवायला दाजीपूरचा केरबा.

तीन दिस नुसतं धुकं, चिखल आणि जळवा. भाकरीला बुरशी आली. मी दोनशे अकरा काळी फुलपाखरं मोजली. समद्यांस्नी चारच ठिपकं!

केरबा म्हणाला, "पावणं, ह्ये पाखरू खायाला येतंय काय?"

"न्हाय."

"मग एवढी तंगडतोड कशापायी?"

"केरबा, गप चाल की!" मी खेकसलो. खरं तर त्योच सवाल माझ्या पोटात हुता.

चौथ्या दिशी सकाळी कारवीच्या झुडपातनं फुसकारा आला.

गवा! एकटा नर, डोंगराएवढा.

"पळा!" केरबा वरडला. मी सरांचा हात धरला. कारवी मोडली. दगडं सुटली. आमी घसरत खालच्या वगळीत, ओढ्याच्या घळीत, कोसळलो. डोस्क्यावरनं धाडधाड खुरं गेली. वाचलो! पण सरांची पिशवी दरीत गेली. भाकरी गेली, आणि चिमटा गेला. फुलपाखराला बोट लावायचं नसतं, चिमट्यानंच धरायचं. पंखावरचा रंग म्हंजे नुसती भुकटी, तीच त्येची ओळख, असं सरांनी मला धा येळा बजावलंतं.

"माघारी चला, मास्तर," केरबा म्हणाला.

"दुपारपतूर," सर म्हणालं.

वगळीच्या तोंडाला वलसर वाळू, आणि फुडं सरळ कडा. वाळूवर काळी फुलपाखरं पाणी पीत बसलीती. मी पोटावर सरकलो. चार. चार. चार. चार...

पाच!

जाळं टाकलं. घावलं!

"मोज," सर म्हणालं.

"पाच, सर!"

"परत मोज, लेका."

"पाच! आईशप्पथ पाच!"

सर वाळूवर बसलं. खिशातला फुलपाखरू ठेवायचा कागद चाचपला. "आण. हळू आण."

मी त्येला हातानं काढलं. माझ्या मनगटाला जळू चिकाटलेली. रगताचा थेंब घरंगळला आणि नेमका पंखावर पडला. डाग! आणि माझा अंगठा आपसूक फिरला. हुपरीत फिरायचा तसाच. एकदाच. रगात गेलं. ठिपका बी गेला. पंखाला तितं काचंगत खिडकी पडली.

"काय झालं?"

मी परत मोजलं.

"इकबाल्या, काय झालं?"

"सर... चार हायत."

सर वरडलं असतं तर बरं झालं असतं. त्येनी नुसतं म्हटलं, "सोड त्येला." मी मूठ उघडली. त्ये तिरकं उडत बाकीच्या चार ठिपक्यांच्या थव्यात मिसळलं.

तेवढ्यात केरबानं बोट केलं. "आनी एक बगा तितं!"

कड्याच्या पल्याड, हातभर लांब तरंगत हुतं. मी मोजलं. "पाच!"

सर धावलं. कडा त्येंला दिसलाच न्हाय! पाय हवेत गेला. माझं जाळं तवा फुलपाखराच्या वर हुतं. नुसतं मनगट वळवायचं. मी जाळं हातातनं सोडलं आणि सरांचा सदरा धरला. सदरा टरकला. काखेत हात घातला. केरबानं माझी कंबर आवळली. तिघंबी वाळूवर उताणं पडलो. जाळं दरीत वाजत गेलं.

"सोडलंस?" सर धापा टाकत म्हणालं.

"मग तुमास्नी सोडू काय?" मी बोंबललो.

फुलपाखरू कवाच दिसंनासं झालं. परवाना त्याच दिशी संपत हुता.

एस्टीच्या थांब्यावर सरांनी खिशातनं तिकोनी घडीचा कागद काढला. त्योच, फुलपाखरू ठेवायचा. वर घरनंच लिवून आणलंतं. ठिकाण, दाजीपूर. ठिपके, पाच. पकडणारा, आणि म्होरं कोरं.

"अंगठा धुतलास?"

"न्हाय." धुवायचं धाडसच झालं न्हवतं.

सरांनी माझा अंगठा धरून कागदावर दाबला. "निळं उठलं?"

खोटं बोलावं वाटलं. "न्हाय सर. राखंगत हाय. आणि रगात हाय."

"ह्ये कोण मानायचं न्हाय."

"न्हाय."

लांब एस्टीचा हॉर्न वाजला. सरांनी पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "नाव लिव. नुसता अंगठा उठवू नगंस."

मी लिवलं. सरांनी कागद उजेडाकडं धरला, डोळ्याला लावला, परत उजेडाकडं धरला.

"वाचून दाखव," म्हणालं.

"ठिपके, पाच," मी वाचलं.